सात नाण्यांची प्रयोगशाळा

वीज घरी बसून शिकता येते का, असा प्रश्न अलीकडे मला बरेच आईवडील विचारतात. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या मुलांना शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे लग्नकार्यात म्हणा, बँकेच्या रांगेत म्हणा, गाठ पडली की हाच विषय निघतो. 2020 सालच्या टाळेबंदीत सगळ्यांचीच मुले घरी बसली आणि व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर आली. टाळेबंदी उठली, पण ऑनलाइन शिक्षण काही उठले नाही. आयआयटी मद्रासने 2023 साली इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स या विषयाची पदवीच ऑनलाइन सुरू केली. आता कुणाच्या घरी कुरिअरने एक खोके येते. त्यात एक ब्रेडबोर्ड, एक मल्टिमीटर, मूठभर रेझिस्टर, चारदोन एलईडी, एखादी चिमुकली मोटर आणि रंगीत तारांचा गुंता असतो. मुलगी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून तो पसारा मांडते आणि आई काळजीत पडते. आमच्या मनातली प्रयोगशाळा म्हणजे मोठी खोली, उंच टेबले, भिंतीवर मीटरचे पॅनल आणि दाराशी बसलेला लॅब असिस्टंट. ही खेळणी मांडून कुणी इंजिनीअर होते का?

अशा वेळी मी माझे मत सांगत बसत नाही. मी मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगतो. त्याचे नाव सर्वांनीच शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, आणि बहुतेकांनी ते नियमासकट पाठ करून परीक्षेनंतर विसरूनही टाकलेले असते. कपॅसिटरवर जे फॅरड हे एकक छापलेले असते, ते याच्याच नावाचे. गल्लीच्या तोंडाशी जी डीपी गुणगुणत उभी असते, तिच्या पोटात याचाच शोध रात्रंदिवस राबत असतो. पण मला त्याचा शोध सांगायचा नाही. तो शिकला कसा, ते सांगायचे आहे. एवढ्या मोठ्या माणसाला मी एकेरीत संबोधतो, याचे वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. ज्या वयातल्या फॅरेडेशी माझी मैत्री आहे, त्या वयात तो वीस वर्षांचा, शाई आणि खळीने हात बरबटलेला पोरगा होता.

त्याचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स लोहार. पोटासाठी उत्तरेतून लंडनला आलेले, आणि आल्यावर तब्येतीने खचलेले. घरात चार मुले. पुढे हे कुटुंब एका तबेल्यावरच्या खोल्यांत राहायला गेले. 1801 साली धान्य अतोनात महागले, तेव्हा त्यांना सरकारी मदत घ्यावी लागली आणि नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला एक पाव येई. तो त्याने आठवडाभर पुरवायचा, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. शाळा म्हणाल तर लिहिणे, वाचणे आणि बेरीज-वजाबाकी, एवढीच. गणिताची बाजू जी तेव्हा लंगडी राहिली ती जन्मभर लंगडीच राहिली.

1804 साली, तेरा वर्षांचा असताना, तो ब्लॅन्डफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. काम वर्तमानपत्रे पोचवण्याचे. तेव्हा वर्तमानपत्र महाग, म्हणून ते भाड्याने वाचायला मिळे. एका घरी द्यायचे, थोड्या वेळाने परत आणायचे, दुसऱ्या घरी न्यायचे. वर्षभरात रिबोने मुलगा पारखला आणि 1805 च्या ऑक्टोबरात त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतले. मुदत सात वर्षांची. अशा उमेदवारीसाठी मुलाच्या बापाने मालकाला रक्कम मोजायची, असा रिवाज होता. रिबोने ती घेतली नाही.

मला या रिबोबद्दल नेहमी कुतूहल वाटत आले आहे. बांधायला आलेली पुस्तके उमेदवाराने वाचू नयेत, असे त्याने म्हटले नाही. दुकानाच्या मागे, शेगडीच्या आसपास, काम संपल्यावर पोराने बाटल्या आणि तारा मांडल्या, तर त्यालाही तो आडवा आला नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर जागा, उजेड आणि थोडी मोकळीक, एवढेच त्याने दिले. पण घरातली प्रयोगशाळा चालते ती असल्या माणसांच्या जोरावर. कुरिअरच्या खोक्यात हा माणूस येत नाही. तो घरातच असावा लागतो.

बांधणीला आलेल्या दोन पुस्तकांनी त्याला नादी लावले. एक ब्रिटानिका विश्वकोशाचा खंड. त्यातला विजेवरचा लेख त्याने वाचला. दुसरे जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरचे संवाद. 1806 च्या सुमारास आलेल्या या पुस्तकावर बाईंनी स्वतःचे नावही घातले नव्हते. एक शिक्षिका आणि दोन मुली गप्पा मारत रसायन शिकतात, अशी त्याची मांडणी. घरी, स्वतःच्या स्वतः शिकणाऱ्यांसाठी लिहिलेले हे पुस्तक. आणि त्याला वाचक मिळाला तो असा. फॅरेडेने एक खोड लावून घेतली होती. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे मानायचे नाही. आठवड्याला चार-दोन पेन्यांत जे करून पाहता येईल ते करून पाहायचे, आणि मग खरे मानायचे. पुस्तकातले प्रयोग जमू लागले तशी त्याची बाईंवर श्रद्धा बसली. पुढे जगभर नाव झाल्यावरही तो आपले निबंध त्यांना पाठवत असे.

विजेसाठी यंत्र हवे होते. तेव्हा वीज म्हणजे मुख्यतः घर्षणाची वीज. काचेचे नळकांडे फिरवायचे, त्यावर चामड्याची उशी घासायची आणि जमलेला भार लेडन जारमध्ये, म्हणजे आतून-बाहेरून धातूचा पत्रा चिकटवलेल्या बाटलीत, साठवायचा. दुकानात ठेवलेले असे यंत्र उमेदवाराच्या खिशाला परवडणारे नव्हते. जवळच्या एका भंगारवाल्याकडे काचेची दोन भांडी पडलेली होती. जाता-येता त्यांच्याकडे बघून बघून शेवटी त्याने ती विकत घेतली. एकाचे फिरते नळकांडे झाले, दुसऱ्याची लेडन जार झाली. जुन्या बाजारातून सुटे भाग उचलून रेडिओ जुळवणारी पिढी माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या सगळ्यांचा हा मूळपुरुष.

पण एकट्याने शिकण्यात एक धोका असतो. चुकलेले दाखवायला शेजारी कुणी नसते. फॅरेडेला हे फार लवकर कळले असावे, कारण त्याने माणसे शोधली. 1810 च्या फेब्रुवारीपासून तो फ्लीट स्ट्रीटजवळ जॉन टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी भरणाऱ्या व्याख्यानांना जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग. हा शिलिंग देई त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट, जो स्वतः ऐरणीवर घाम गाळत होता. त्याच वर्षी वडील वारले. घरची ओढाताण किती असेल, ते आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तरीही थोरल्याने धाकट्याचा शिलिंग थांबवला नाही. दीड वर्षात तो बारा-तेरा व्याख्यानांना बसला. ऐकताना टिपणे घ्यायची, घरी येऊन ती विस्ताराने लिहायची आणि उपकरणांच्या आकृत्या काढायच्या. आकृत्या नीट जमेनात, तेव्हा रिबोकडे बिऱ्हाडाने राहणाऱ्या मास्केरिए नावाच्या फ्रेंच वंशाच्या चित्रकाराकडून तो यथादर्शन चित्रणाचे धडे घेऊ लागला. फी म्हणून त्याची खोली झाडायची आणि बुटांना पॉलिश करायचे. टेटमच्या व्याख्यानांच्या टिपणांचे त्याने स्वतःच्या हाताने चार खंड बांधले आणि ते रिबोला अर्पण केले.

टेटमकडे त्याला मित्रही मिळाले. त्यांतला बेंजामिन ॲबट हा कारकून होता, आणि त्याला लिहिलेल्या पत्रांमुळेच आज आपल्याला फॅरेडेची ती पहिली प्रयोगशाळा दिसते. 12 जुलै 1812 च्या पत्रात हा वीस वर्षांचा उमेदवार आनंदाने नुसता उड्या मारतो आहे. वोल्टाने 1800 साली बॅटरी जाहीर केली होती. मोठमोठ्या संस्थांत शेकडो पत्र्यांच्या बॅटऱ्या झाल्या होत्या. फॅरेडेने जस्ताचा पत्रा आणला आणि अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. तांबे आणायची गरज नव्हती, कारण अर्ध्या पेनीचे नाणे तांब्याचेच असे. सात नाणी, सात चकत्या, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. झाली बॅटरी.

इथे थोडे मास्तरकी केल्याशिवाय मला राहवत नाही. जस्त आणि तांबे यांच्यामध्ये ओला कागद असला तरच तो घट काम करतो. कागद सहाच होते, म्हणजे कामाचे घटही सहाच. मिठाच्या पाण्यात असा एक घट पाऊण व्होल्टच्या आसपास देतो. सहांचे मिळून चार-साडेचार व्होल्ट. आपल्या मोबाइलचा साधा चार्जर 5 व्होल्ट देतो, आणि त्या कुरिअरच्या खोक्यातले बहुतेक प्रयोगही तेवढ्यावरच चालतात. दोनशे वर्षांत घरच्या प्रयोगशाळेचा व्होल्टेज फारसा वाढलेला नाही, आणि ते बरेच आहे. भिंतीतल्या 230 व्होल्टशी नवशिक्याने खेळू नये.

त्या सात नाण्यांच्या उतरंडीला दोन तारा जोडून फॅरेडेने त्या मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे एप्सम सॉल्टच्या पाण्यात बुडवल्या. तारांवर बुडबुडे धरले. बारीक बुडबुड्यांची धार वर येत राहिली आणि दोनेक तासांत स्वच्छ पाणी गढूळ झाले. विजेने क्षाराचे विघटन होत होते. शोध म्हणून यात नवे काही नव्हते. डेव्हीसारख्यांनी याहून कितीतरी मोठी कामे करून ठेवली होती. पण आपण स्वतः, आपल्या हातांनी, आपल्या नाण्यांनी ते केले, याचे त्याला केवढे अप्रूप! आणि अप्रूप ओसरण्याआधीच त्याचा हिशेब सुरू झाला. बुडबुडे कशाचे, गढूळपणा कशामुळे, मोठ्या चकत्या घेतल्या तर काय होईल. ते सगळे त्याने मित्राला लिहून कळवले, कारण मित्र उलट प्रश्न विचारणार हे त्याला ठाऊक होते.

आता एक कडू गोष्ट. आमच्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळांत दहा मुले एका टेबलाभोवती उभी असतात. एक जण तारा जोडतो, दुसरा मीटर वाचतो, उरलेले आठ बघतात आणि नंतर जर्नल उतरवून काढतात. कित्येकदा रीडिंग आदल्या वर्षीच्या जर्नलमधून येतात, आणि आलेख कसा यायला हवा हे माहीत असल्यामुळे बिंदू त्यावर आपसूक जाऊन बसतात. सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहांत रात्रभर दिवे जळतात ते यासाठी. ती उंच टेबले, ती पॅनल, तो लॅब असिस्टंट, सगळे असते. फक्त वीज शिकणे तेवढे राहून जाते. म्हणून काळजीत पडलेल्या आईला मी विचारतो, तुमच्या मुलीच्या टेबलावर तारा कोण जोडते? तीच ना? आणि एलईडी लागला नाही तर तो का लागला नाही, हे शोधायला दुसरे कुणीच नाही ना? मग निम्मे काम झाले.

निम्मेच म्हणतो, कारण फॅरेडेची गोष्ट इथे संपत नाही.

1812 च्या वसंतात दुकानातल्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधली तिकिटे दिली. व्याख्याते सर हंफ्री डेव्ही, त्या काळचे सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. चार व्याख्याने त्याने सज्ज्यात घड्याळाच्या वर बसून ऐकली, नेहमीप्रमाणे लिहून काढली, आकृत्या घातल्या, बांधली. ऑक्टोबरात उमेदवारी संपली आणि तो डे ला रोश नावाच्या एका तापट मालकाकडे कारागीर म्हणून लागला. प्रयोगांना सवड उरली नाही. विज्ञानात कसलेही हलके काम मिळावे म्हणून त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. डिसेंबरात त्याने डेव्हींना पत्र पाठवले आणि सोबत ती बांधलेली टिपणे. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी उत्तर आले. डेव्हींनी त्याला भेटीला बोलावले. आपला धंदा सोडू नकोस असा सल्लाही दिला, पण 1813 च्या सुरुवातीला तिथल्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकावे लागले आणि त्यांना हा पोरगा आठवला. 1 मार्च 1813 रोजी फॅरेडेची नेमणूक झाली. आठवड्याला 25 शिलिंग, माडीवर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या संस्थेच्या.

वशिला नव्हता, पदवी नव्हती. डेव्हींच्या हातात पडली ती वही. घरी केलेल्या अभ्यासाचा पुरावा म्हणून इतकी चोख वही दुसऱ्या कुणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्यानंतर डेव्हींबरोबर दीड वर्ष युरोपचा प्रवास झाला. त्यात मदतनिसाबरोबर नोकराचीही कामे गळ्यात पडली आणि डेव्हीबाईंनी त्याला नोकरासारखेच वागवले. पण पॅरिसला अँपिअर आणि मिलानला म्हातारे वोल्टा पाहायला मिळाले. परत आल्यावर पुढची काही वर्षे तो डेव्हींच्या हाताखाली रसायन शिकला. जून 1821 मध्ये सारा बर्नार्डशी लग्न झाले आणि नवराबायको रॉयल इन्स्टिट्यूशनच्या माडीवर राहू लागली. म्हणजे फॅरेडेचे घर आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत. जिन्याने खाली उतरले की कामाला सुरुवात!

त्याच वर्षी 3 आणि 4 सप्टेंबरला तळघरातल्या या प्रयोगशाळेत एक तार फिरली. आदल्या वर्षी डेन्मार्कच्या ओर्स्टेडने, तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते, हे दाखवले होते. फॅरेडेने एका भांड्यात पारा ओतला, त्यात चुंबक उभा बसवला आणि वरून एक तार अशी टांगली की तिचे टोक पाऱ्यात बुडेल. बॅटरी जोडताच तार चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. जगातली पहिली विजेची मोटर ती हीच. पिठाच्या गिरणीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पणजी. त्या वेळी साराचा चौदा वर्षांचा भाऊ जॉर्ज तिथे होता; फॅरेडे आनंदाने टेबलाभोवती नाचला आणि संध्याकाळी मेव्हण्याला घेऊन सर्कशीला गेला.

मला याहून मोलाचे वाटते ते पुढचे. हा प्रयोग छापून आल्यावर फॅरेडेने त्याच्या खिशात मावतील अशा छोट्या प्रती तयार केल्या. काचेची नळी, बूच, थोडा पारा, तारेचा तुकडा. त्या त्याने युरोपातल्या शास्त्रज्ञांना पाठवून दिल्या. वर्णन वाचू नका. बॅटरी जोडा आणि स्वतः बघा. विजेच्या प्रयोगाचा संच पाठवण्याची ही पद्धत कुरिअर कंपन्यांपेक्षा बरीच जुनी आहे, एवढेच सांगायचे. पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे आज हा प्रयोग कुणी घरी करू नये. फॅरेडेच्या काळात ही खबरदारी नव्हती. 1823 साली वायू द्रवरूप करताना नळ्या फुटून त्याच्या डोळ्यांत काचेचे तुकडे गेले होते.

1827 साली त्याने एक पुस्तक लिहिले, आणि त्याची आठवण आमच्या शिक्षणात कुणी फारशी काढत नाही. साडेसहाशे पानांचे हे पुस्तक सिद्धान्तांवर नाहीच. प्रयोगशाळेत हात कसे चालवायचे यावर आहे. वजन कसे करावे, बुचाला भोक कसे पाडावे, काच कशी वाकवावी, सांधे कशाने लिंपावेत. एक सबंध प्रकरण नुसत्या काचेच्या नळ्यांवर आहे. महागड्या भांड्यांची कामे साध्या वाकवलेल्या नळीत कशी भागवावीत, हे तिथे खुलाशाने सांगितले आहे. आणि शेवटाकडे विद्यार्थ्याने स्वतःच करून पाहावेत असे धडे आहेत. पाहावे तिथे भंगारवाल्याकडची ती दोन भांडी आठवतात.

पण घरगुती साधनांची एक हद्द असते, हेही फॅरेडेकडूनच शिकावे. चुंबकापासून वीज मिळवायचा प्रयत्न तो 1824 पासून करत होता आणि अपयशच येत होते. 29 ऑगस्ट 1831 रोजी यश आले ते मऊ लोखंडाच्या एका कड्यावर. बाहेरून 6 इंच व्यासाचे हे कडे त्याने मुद्दाम करवून घेतले होते. एका अर्ध्या भागावर सुमारे 24 फुटांच्या तीन तारा, दुसऱ्या भागावर मिळून सुमारे 60 फूट. आज वाइंडिंगवाल्याकडे एनॅमल चढवलेली तार किलोवर मिळते. तेव्हा उघडी तार. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि थरांमध्ये कापड. वेढ्यामागून वेढा, तासन् तास. पुस्तकबांधणीत कमावलेली बोटे इथे उपयोगी पडली असतील, असे मला नेहमी वाटते. दुसऱ्या बाजूची तार त्याने 3 फूट लांब नेऊन एका चुंबकसूचीवरून फिरवली, म्हणजे कड्याच्या चुंबकत्वाने सूची भुलू नये. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सूची हलली, थरथरली आणि पुन्हा होती तिथे येऊन थांबली. बॅटरी काढली; पुन्हा हलली. जोडून ठेवली की काही नाही. वीज चालू असताना नव्हे, ती बदलत असताना दुसऱ्या तारेत वीज उपजत होती.

यात निसटण्यासारखे किती होते पाहा. जिनिव्हाच्या कोलाडाँने 1825 साली असाच प्रयोग केला होता. चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून त्याने आपला गॅल्व्हनोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला. इकडे चुंबक सरकवायचा आणि तिकडे चालत जाऊन काटा बघायचा. तो पोचेपर्यंत काटा पुन्हा शून्यावर. विजेचा सर्वांत मोठा शोध त्या दोन खोल्यांमधल्या चार पावलांत हरवला. अमेरिकेत ऑल्बनीच्या शाळेत शिकवणारा जोसेफ हेन्री याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचत होता, पण त्याला प्रयोगांना सवड मिळे ती मुख्यतः ऑगस्टच्या सुटीत. शिक्षकी पेशातल्या वाचकांना त्याचे दुःख कळेल.

17 ऑक्टोबरला फॅरेडेने कागदाच्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या तारेत चुंबकाची कांडी खुपसली आणि बॅटरीशिवाय वीज मिळवली. हा प्रयोग मात्र कुठल्याही घरात होतो. पुठ्ठ्याची नळी, तारेचे दोनशे वेढे, एक चांगला चुंबक आणि मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर. चुंबक आत गेला की आकडा एकीकडे, बाहेर आला की दुसरीकडे, धरून ठेवला की शून्य. पण त्याच महिन्याच्या अखेरीस तांब्याची तबकडी फिरवून सतत वाहणारी वीज काढायची होती, तेव्हा रॉयल सोसायटीचा भला थोरला चुंबक लागला, आणि त्यासाठी फॅरेडेला तो ज्यांच्याकडे ठेवलेला होता त्या क्रिस्टींच्या घरी जावे लागले. मोठी यंत्रे, मोठे दाब, फिरती मशिने ही घरच्या टेबलावर यायची नाहीत. आयआयटी मद्राससुद्धा प्रयोगशाळेच्या अभ्यासासाठी ऑनलाइन विद्यार्थ्यांना चेन्नईला बोलावते, ते उगीच नाही. घरी हात तयार करावा आणि मोठ्या यंत्रापाशी तयार हाताने जावे.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे; ती मी भरभर सांगतो. विद्युत-विघटनाचे नियम 1833-34 मधले. 1845 मध्ये चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम. मुलांसाठी नाताळातल्या व्याख्यानांच्या 19 मालिका. त्यांतली मेणबत्तीवरची मालिका आजही वाचली जाते. गणित येत नसल्यामुळे तो जे रेषांनी आणि चित्रांनी सांगे, ते मॅक्सवेलने 1850 च्या दशकापासून समीकरणांत उतरवायला घेतले. त्यावर फॅरेडेने त्याला लिहून विचारले, की गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही का सांगू नयेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. उमराव होणे त्याने नाकारले, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. 1858 साली राणी व्हिक्टोरियाने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले. तिथेच 25 ऑगस्ट 1867 रोजी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत साधा दगड आहे.

स्मरणशक्ती त्याला चाळिशीनंतर दगा देऊ लागली होती. आपण कालच केलेला प्रयोग आज पुन्हा मांडून बसू, ही त्याला धास्ती. म्हणून लिहिणे कधी सुटले नाही. 1832 पासून रोजवहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला तो क्रमांक घालू लागला. काय केले, काय दिसले, काय दिसले नाही. न दिसलेलेही तितक्याच स्वच्छ अक्षरात. आमच्या मुलांच्या जर्नलमध्ये न जमलेला प्रयोग कधी सापडत नाही. या वहीत तो पानोपानी सापडतो.

शेवटचा क्रमांक 16041. तारीख 12 मार्च 1862. सत्तरी ओलांडलेला फॅरेडे ज्योतीला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून तिच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा बदलतात का, ते बघत होता. काही बदल दिसला नाही, अशी त्याने नोंद केली. 1896 साली हॉलंडमध्ये पीटर झीमनने अधिक बळकट चुंबक आणि अधिक बारीक रेषा दाखवणारे उपकरण घेऊन तोच प्रयोग केला, आणि रेषा रुंदावलेल्या दिसल्या.